काळी तार : बडोदे ते बग्राम, मे 2010

अमेरिकी सैन्याने बग्रामचा हवाई तळ रातोरात रिकामा केल्याची बातमी मी 2021च्या जुलै महिन्यात, बडोद्यातल्या दांडिया बाजारातील आमच्या घराच्या ओट्यावर बसून वाचली. जाताना त्यांनी तळाच्या नव्या अफगाण प्रमुखाला कळवलेसुद्धा नाही, आणि ते गेल्यावर वीस मिनिटांत वीज बंद होऊन सगळीकडे अंधार झाला, असे तिथल्या अफगाण सैनिकांनी वार्ताहरांना सांगितले होते. इतरांनी त्या बातमीत राजकारण वाचले असेल. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की संच बंद करण्यापूर्वी कुणी भार उतरवला होता की नाही. मोठा डिझेल जनरेटर एकदम बंद करायचा नसतो. आधी त्याच्यावरचे फीडर, म्हणजे वीज पुढे नेणाऱ्या मुख्य केबली, एकेक करून सोडवायचे, मग तो काही मिनिटे रिकामा फिरवून थंड होऊ द्यायचा आणि मगच थांबवायचा, हे काम त्याच तळावर मी वर्षभर केले होते. त्या दिवशी कपाटातून जुनी दोनशे पानी वही काढली. तिच्यातील पहिल्या चौदा दिवसांचे टिपण पुढे देत आहे. वहीत जे त्रोटक होते ते भरून काढले आहे आणि पुढे कळलेल्या काही गोष्टी जागोजागी घातल्या आहेत. क्रम आणि तारखा मात्र मूळच्याच आहेत.

9 मे, रविवार. बडोदे

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रान्सफॉर्मरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षे टेस्टिंगला होतो. 2008च्या मंदीनंतर ऑर्डरी आटल्या; आधी ओव्हरटाइम गेला, मग तिसरी पाळी गेली आणि शेवटी आम्ही गेलो. त्यानंतर दीड वर्ष लग्नाच्या हॉलमधील रोषणाई आणि सोसायट्यांच्या मोटारी यांवर घर चालवले, पण धाकट्या बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्यातून फिटण्यासारखे नव्हते. एका जुन्या सहकाऱ्याने मुंबईच्या एजंटचा पत्ता दिला. महिना आठशे डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने छत्तीस हजार रुपयांच्या आसपास, राहणे आणि जेवण फुकट, एक वर्षाचा करार, आणि कामाचे ठिकाण अफगाणिस्तान.

आईला दुबई सांगितले होते. ते पूर्ण खोटे म्हणता येत नाही, कारण दुबईला तर जायचेच होते. दुबईच्या पुढे काय, ते फक्त माझ्या पत्नीला ठाऊक होते. आईचा आग्रह होता की आठ दिवस थांबावे. “अखात्रीज होऊ दे, मग जा. साडेतीन मुहूर्तांतला दिवस तोंडावर असताना कोण घराबाहेर पडतं?” बडोद्यात तीन पिढ्या काढल्यावर अक्षय्य तृतीयेची अखात्रीज होते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. आजोबा गायकवाड सरकारच्या खात्यात कारकून म्हणून आले, तेव्हापासून आमच्या घरात मराठी अशीच आहे.

आईने दोन किलो लीलो चेवडो, किलोभर भाकरवडी आणि गोड्या मसाल्याची तीन पदरी बांधलेली पुरचुंडी बॅगेत घातली. त्याच्या खाली पत्नीने गुपचूप लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी सरकवली होती. बॅगेचे वजन करताना आईने ते दोन्ही बाहेर काढले आणि बाहेर बेचाळीस अंश तापमान असताना तो स्वेटर हातात धरून विचारले, “दुबईला स्वेटर कशाला गं?” पत्नी शांतपणे म्हणाली, “तिथं एसी फार असतात म्हणे, आई.” आईने मान डोलावली आणि स्वेटर परत घडी करून ठेवला. माझ्या पत्नीला इतक्या सफाईने खोटे बोलता येते, हे लग्नानंतर नऊ वर्षांनी त्या क्षणी कळले, आणि त्याला कारण मीच होतो.

संध्याकाळी दादाबरोबर सुरसागरच्या काठाने एक फेरी मारली, उभ्या उभ्या सेव-उसळ खाल्ली आणि रात्री बडोदा एक्स्प्रेस पकडली.

10 मे, सोमवार. मुंबई

एजंटचे कार्यालय अंधेरीत एका जिन्याखाली होते. नियमाप्रमाणे भरती करणाऱ्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 20,000 रुपये घेता येत असत, आणि पावती तेवढ्याचीच मिळाली. प्रत्यक्षात मी एक लाख पंचवीस हजार मोजून दिले होते, त्यातले सत्तर हजार पत्नीचे दागिने गहाण ठेवून उभे केलेले. या चालीवर अमेरिकेने बंदी घातली ती पुढे, 2012च्या सप्टेंबरात. सरकारी कंत्राटावर नेमायच्या कामगाराकडून भरतीचे पैसे घेऊ नयेत, असा आदेश राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तेव्हा काढला. माझ्या पावतीला त्याचा उपयोग नव्हता.

करार अकरा पानांचा आणि इंग्रजीत होता. तो वाचताना मला कामाची उतरंड प्रथमच समजली. अमेरिकी लष्कराची लॉगकॅप नावाची योजना 1985 पासून आहे. सैनिकाने सैनिकाचे काम करावे आणि स्वयंपाक, धुलाई, वीज, पाणी, तंबू आणि संडास कंत्राटदाराने सांभाळावेत, असा तिचा हिशेब आहे. मोठे कंत्राट अमेरिकी कंपनीला मिळते, ती त्यातला तुकडा दुसऱ्या कंपनीला देते, दुसरी आखातातील मनुष्यबळ पुरवणाऱ्या तिसरीला देते, आणि तिसरीचा माणूस अंधेरीच्या जिन्याखाली बसलेला असतो. मी त्या उतरंडीतले सर्वांत खालचे मडके होतो. ही माणसे मोजायला गेले तर सैनिकांच्या तोडीस तोड भरत. 2011च्या मार्चमध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैनिक एक लाखाच्या आसपास आणि संरक्षण खात्याचे कंत्राटी लोक सुमारे 90,000 होते.

एजंटला मी इराकबद्दल विचारले. 2004 साली तिथे तीन भारतीय ट्रकचालकांचे अपहरण झाले होते. त्यांची सुटका सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला झाली, पण तिच्या आदल्याच दिवशी बारा नेपाळी कामगारांना मारल्याची बातमी आली होती. तेव्हापासून आपल्या सरकारने कामगारांना इराकला जायला मनाई केली होती. “इराक वेगळं, हे वेगळं,” एजंट म्हणाला, “आणि तुम्ही दहावी पास आहात, तुम्हाला परदेशी कामाला जायच्या सरकारी क्लिअरन्सचीसुद्धा भानगड नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

11 मे, मंगळवार. दुबई

देरा भागातील एका इमारतीत तीन खोल्यांमध्ये आम्ही चौदा जण होतो. पोहोचल्याबरोबर एक मुलगा प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला आणि सर्वांचे पासपोर्ट त्यात टाकून घेऊन गेला. इराकमध्ये कामगारांचे पासपोर्ट अडकवून ठेवण्याचे प्रकार इतके वाढले होते, की 2006 साली तिथल्या अमेरिकी सेनापतीला ते परत करण्याचा लेखी हुकूम काढावा लागला होता. हे मला त्या वेळी माहीत असते तरी पिशवीवाल्या मुलाशी मी वाद घातला असता असे वाटत नाही.

रात्री वेस्ट इंडीजमधून ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा सामना लागला होता. श्रीलंकेने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. संघात आमचा बडोद्याचा युसूफ पठाण होता, त्यामुळे खोलीतील तेरा जणांनी पराभवाचा जाब मला विचारला.

12 आणि 13 मे. दुबई

वाट पाहणे. खिडकीचा एसी रात्रभर खडखडत होता. दुसऱ्या दिवशी न राहवून मी पक्कड मागून घेतली आणि त्याचा सैल झालेला पंखा बसवून दिला.

14 मे, शुक्रवार. बग्राम

दुबई विमानतळाचे दोन नंबरचे टर्मिनल पाहिल्याशिवाय ही दुनिया कळत नाही. एक नंबरच्या बाजूला अत्तरे आणि सोन्याची दुकाने. दोन नंबरच्या फलकावर काबूल आणि बगदाद यांसारखी नावे, आणि खाली बाकांवर दाढी वाढवलेले, दंडावर गोंदवलेले, जाड बूट घातलेले गोरे लोक, आणि त्यांच्या मधोमध बॅगांना नायलॉनची दोरी बांधलेले आम्ही. पिशवीतले पासपोर्ट तिथे परत मिळाले, सोबत अधिकारपत्राचा एक कागद. त्यावर माझ्या नावापुढे टीसीएन अशी तीन अक्षरे होती. अमेरिकी नाही, अफगाणही नाही, असा तिसऱ्या देशाचा माणूस, असा त्यांचा अर्थ.

तीन तासांहून कमी वेळात विमान खाली येऊ लागले. ते सरळ न उतरता एका बाजूला कलून गिरक्या घेत उतरले. त्या वेळी खिडकीत आळीपाळीने आकाश आणि बर्फ दिसत होते. मे महिन्याच्या मध्यावर हिंदुकुशवर इतके बर्फ असेल, याची मला कल्पना नव्हती. तळ सुमारे 1,500 मीटर उंचीवर, काबूलच्या उत्तरेला, एका सपाट खोऱ्यात आहे. धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब. मूळ तळ सोव्हिएत काळातला. त्याच्याही आधी, घोरबंद आणि पंजशीर नद्यांच्या संगमाशी कुषाणांची कपिशा नगरी होती आणि तिच्या अवशेषांत फ्रेंच संशोधकांना भारतीय हस्तिदंती कोरीवकाम सापडले होते. आपला माल इथे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच येऊन पडला आहे, हे नंतर वाचून मला उगाच बरे वाटले. संध्याकाळी स्वेटर घातला.

15 मे, शनिवार

दिवसभर नियम. अंधारात बाहेर पडताना अंगावर चमकणारा पट्टा हवाच. तो नसेल तर कुणीही अडवून झापू शकतो. ज्या रॉकेट सोडणाऱ्यांपासून लपायचे त्यांना दिसावे म्हणून हा पट्टा आहे, असा विनोद तिथे प्रत्येक नव्या माणसाला एकदा ऐकवला जातो. रस्ता सोडून मातीत पाऊल टाकायचे नाही, कारण सोव्हिएत युद्धापासूनचे सुरुंग अजून जमिनीत आहेत. लाल रंगाचा दगड म्हणजे सुरुंग, पांढरा म्हणजे साफ केलेली जागा. भोंगा वाजला तर जिथे असाल तिथे जमिनीवर पालथे पडायचे आणि मग काँक्रीटच्या बंकरमध्ये जायचे.

आमची झोपडी प्लायवुडची, आठ जणांची. तीन नेपाळी, दोन फिलिपिनो, एक केरळी, एक मंगळुरूकडचा रेफ्रिजरेशन मेकॅनिक आणि मी. दोन झोपड्यांच्या मध्ये खडी पसरलेली, त्यामुळे रात्री कोण लघवीला उठले तेसुद्धा सगळ्यांना ऐकू येते. कचरा जाळण्याच्या खड्ड्याकडून वारा आला की घशात कडवट चव उतरत असे. भाकरवडी मी इथे फोडली आणि पहिल्याच रात्री संपली.

16 मे, रविवार. अक्षय्य तृतीया

पहिला कामाचा दिवस, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आठवड्याचे सातही दिवस असेच.

आमचा फोरमन बोस्नियाचा होता. त्याने स्वतःच्या देशातले युद्ध पाहिले होते आणि त्याविषयी तो कधी बोलत नसे. त्याने मला एका झोपडीचा डिस्ट्रिब्यूशन बोर्ड उघडायला दिला. हे काम मी बडोद्यात झोपेतसुद्धा केले असते. झाकण काढले, केबलचे टोक सोलले, चार तारा मोकळ्या केल्या आणि काळी तार पकडून न्यूट्रलच्या पट्टीकडे नेली. तेवढ्यात माझे मनगट कुणीतरी घट्ट धरले.

आपल्याकडे लाल, पिवळी आणि निळी या तीन फेजच्या तारा, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंगची. गोरव्याच्या आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात हे शिकवतात आणि त्यानंतर ते डोक्यात राहत नाही, बोटांत उतरते. वीस वर्षांत माझ्या बोटांनी काळी तार पाहून कधी विचार केला नव्हता. अमेरिकी पद्धतीत काळी तार ही फेज आहे. काळी, लाल आणि निळी या तिन्ही जिवंत, न्यूट्रल पांढरी. युरोपच्या नव्या पद्धतीत तपकिरी, काळी आणि करडी जिवंत, आणि निळी न्यूट्रल. बग्रामवर हे सगळे एकाच वेळी नांदत होते, कारण कुठली झोपडी कुणी, कोणत्या वर्षी, कोणत्या देशाच्या सामानाने बांधली त्याचा मेळ नव्हता. एका बोर्डात 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, शेजारच्यात 220 आणि 50. आपला चार पोलांचा जनरेटर मिनिटाला 1,500 फेरे फिरतो, त्यांचा 1,800. त्या आवाजातला फरक मला आठवडाभरात कानाने कळू लागला.

त्या दिवशी केबल बंद होती, फोरमनने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावून ठेवले होते, म्हणून काही झाले नाही. तो ओरडला नाही. त्याने खिशातून पांढऱ्या इन्सुलेशन टेपची गुंडाळी काढली, माझ्या डाव्या मनगटाला दोन वेढे दिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, की तार हातात घेण्याआधी हे बघायचे. पांढरी न्यूट्रल. मग माझ्याकडून तो सगळा क्रम दहा वेळा मोठ्याने म्हणून घेतला. पन्नाशीकडे झुकलेला वायरमन दुसऱ्या देशाची बाराखडी घोकत उभा होता आणि दोन नेपाळी पोरे ते पाहत होती.

(वर्षभराने परत आल्यावर शेजारच्या काकूंच्या घरी पंखा बसवताना मी काळी तार हातात धरून बराच वेळ नुसता स्टुलावर उभा राहिलो. काकूंना वाटले चक्कर आली. त्या लिंबू सरबत घेऊन आल्या.)

17 मे, सोमवार

अर्थिंगची तपासणी. या कामासाठी एवढी माणसे का भरली, ते फोरमनने सकाळच्या हजेरीत सांगितले. 2008च्या जानेवारीत बगदादमधील एका तळावर एक अमेरिकी सार्जंट अंघोळ करत असताना विजेच्या धक्क्याने मेला. छपरावरच्या पाण्याच्या पंपाला अर्थिंग नव्हते. पंपात दोष निर्माण झाला तशी वीज नळातून खाली आली. लढाईतून वाचलेला माणूस न्हाणीघरात गेला, त्यामुळे अमेरिकेत गदारोळ झाला, संसदेत चौकशी झाली आणि इराकमध्ये 2003 पासून असे अठरा जण दगावल्याचे पुढे आले. त्यानंतर प्रत्येक झोपडी, प्रत्येक न्हाणीघर, प्रत्येक जनरेटर तपासायचा, असे ठरले.

बडोद्यात आम्ही अर्थिंगसाठी खड्डा खणतो, त्यात पट्टी पुरतो, कोळसा आणि मीठ थरावर थर घालतो आणि उन्हाळ्यात गृहिणीला वरून बादलीभर पाणी ओतायला सांगतो. इथे आठ फुटी तांबेचढवलेली सळई जमिनीत ठोकायची आणि मीटरने रोध मोजायचा. तो 25 ओहमच्या वर असेल तर दुसरी सळई ठोकायची. बग्रामची जमीन नदीच्या गोट्यांची आणि कोरडी खडखडीत आहे, त्यामुळे दुसरी सळई बहुधा लागतच असे. अडचण अशी, की जमिनीत काहीही ठोकण्याआधी तिथे सुरुंग नाही, असा परवाना हवा. परवाना आला, जागा साफ असल्याचा शिक्का आला, शेजारी पांढरे दगडही होते. तरी हातोड्याचा पहिला घाव मी घातला तेव्हा आमच्यापैकी कुणीही माझ्यापासून वीस पावलांच्या आत उभा नव्हता. सळई चार फुटांवर दगडाला अडकली आणि टणकन आवाज झाला. केरळी सहकारी लांबून मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला, ते देवाचे नाव असावे. सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हातोडा माझ्या हातात होता. पूर्ण सळई आत गेली तेव्हा मीटरने 41 दाखवले, म्हणजे दुसरी ठोकणे आलेच.

18 मे, मंगळवार

काबूलमध्ये सैनिकी ताफ्यावर आत्मघाती हल्ला झाल्याची बातमी जेवणाच्या वेळी आली. सहा परदेशी सैनिक आणि त्यांहून जास्त रस्त्यावरचे लोक गेले. फोरमनने सगळ्यांना बूट पायाशी ठेवून झोपायला सांगितले. दुपारी धुळीचे वादळ आले, त्यात दोन जनरेटरांचे एअर फिल्टर बदलले.

19 मे, बुधवार

पहाटे, अजून अंधार असताना, भोंगा वाजला. मी पालथा पडलो तेव्हा तोंडाखाली चेवड्याची पिशवी होती. पहिला स्फोट लांबचा, दुसरा जवळचा. प्लायवुडची भिंत आत फुगून पुन्हा सरळ झाल्यासारखी वाटली. मग रायफलींचा आवाज, आणि तो थांबेना. आधीच्या दोन दिवसांत जुन्या माणसांनी सांगितले होते की रॉकेटे येतात, दोन-चार पडतात आणि संपते. हे तसे नव्हते.

बंकर म्हणजे काँक्रीटची उलटी पन्हळ. आत कमरेत वाकून बसावे लागते. आम्ही बावीस जण होतो. फिलिपिनोंपैकी एक जपमाळ ओढत होता. मंगळुरूचा मेकॅनिक लुंगीवरच आला होता आणि थंडीने कुडकुडत होता. माझा स्वेटर मी त्याला दिला. बाहेर हेलिकॉप्टर फिरू लागली. या सगळ्याच्या खालून आमच्या जनरेटरचा आवाज अखंड येत होता, आणि मी बराच वेळ फक्त तोच ऐकत बसलो. एकदा तो किंचित खोल गेला, कुठेतरी मोठा भार एकदम चढला असावा, आणि परत वर आला. गोळीबाराने माझे पोट ढवळत होते, पण त्या एका क्षणी मात्र मी भीती विसरून जनरेटरचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा विचार केला, हे वहीत लिहून ठेवलेले आहे.

फोरमन रांगत आला आणि विजेरीच्या प्रकाशात यादीवर खुणा करत गेला. त्याला आमची नावे उच्चारता येत नसत, म्हणून तो बिल्ल्याचे आकडे वाचत होता. उजाडले, ऊन आले, तरी गोळीबार अधूनमधून चालूच होता. बाहेर यायला परवानगी मिळाली तेव्हा सकाळ बरीच वर आली होती.

दुपारपर्यंत कळले ते असे : हल्लेखोर कुंपणाशी आले होते, आत शिरू शकले नाहीत, डझनभर मारले गेले, नऊ सैनिक जखमी झाले, आणि तळावर मेलेला एकमेव माणूस हा एक अमेरिकी कंत्राटी कामगार होता. तो कोणते काम करत होता, याची चौकशी आमच्या झोपडीत दिवसभर चालली होती. स्वयंपाकी असेल तर केरळ्याला वाईट वाटले असते, वीजवाला असेल तर मला. ते शेवटपर्यंत कळले नाही.

20 मे, गुरुवार

सैनिक मेला किंवा जखमी झाला की त्याच्या घरी अधिकृत निरोप पोहोचेपर्यंत तळावरचे फोन आणि इंटरनेट बंद ठेवतात. आज रात्री सुरू झाले. रांगेत दीड तास उभे राहून दहा मिनिटे मिळाली.

पत्नीने पहिली घंटा वाजताच उचलला. काल दुपारी टीव्हीवर पट्टी आली होती. आई समोर बसून तांदूळ निवडत होती आणि बातमीकडे तिचे लक्षही नव्हते. दुबईत बसलेल्या मुलाच्या आईला बग्रामशी काय देणेघेणे. पत्नी उठून माजघरात गेली आणि दळणाच्या डब्याला टेकून उभी राहिली, असे तिने सांगितले. “दीड दिवस मी भाजीत मीठ घातलं की नाही ते मला कळलं नाही,” ती म्हणाली, “आणि तुमच्या आई म्हणतात, तुला उन्हाळा बाधलाय.” मग म्हणाली, “अहो, आता तरी त्यांना सांगायचं का?” मी नाही म्हणालो. आज विचार करतो तेव्हा वाटते की तिला त्या घरात एकटे पाडण्याचा मला काही अधिकार नव्हता.

परत येताना जेवणघराबाहेरच्या फलकावरील एक इंग्रजी नोटीस वाचली. अमेरिकेच्या 1941च्या एका कायद्याप्रमाणे परदेशातील लष्करी तळांवर काम करणाऱ्या कंत्राटी माणसाचा विमा काढावा लागतो आणि जखमी झाल्यास त्याला आठवड्याच्या सरासरी पगाराच्या दोनतृतीयांश भरपाई मिळते, देश कोणताही असो. अंधेरीत हे कुणी सांगितले नव्हते. त्याच कायद्यात पुढे एक कलम आहे, की मनुष्य अमेरिकेबाहेरचा परदेशी असेल तर पुढील हप्त्यांची एकरकमी किंमत काढून तिच्या निम्मी रक्कम देऊन प्रकरण मिटवता येते. ते फलकावर नव्हते आणि मला दोन वर्षांनी कळले. नोटीस मी शब्दशः वहीत उतरवून घेतली आणि त्या पानाचा फोटो पत्नीला पाठवायचे ठरवले. मग पाठवला नाही.

21 मे, शुक्रवार

न्हाणीघर क्रमांक चारचा पंप तपासला. अर्थिंगची तार होती, पण ती कुठेच जोडलेली नव्हती. भिंतीच्या आत सहा इंचांवर कापून सोडली होती. जोडली. चेवडा संपला.

22 मे, शनिवार

सकाळी जेवणघरातील टीव्हीवर धूर दिसत होता आणि खाली मंगलोर असे लिहिले होते. दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहानंतर टेकडीवरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे घसरून दरीत कोसळले होते. विमानात 166 माणसे होती. संध्याकाळपर्यंत 158 गेल्याचे आणि आठ वाचल्याचे कळले. आमचा मेकॅनिक ताट तसेच ठेवून उठला. त्याच्या गावातल्या प्रत्येक घरातला एक माणूस आखातात आहे, आणि रजेच्या मोसमात त्या विमानात ओळखीचे कुणीच नसणे अशक्य, एवढेच तो म्हणत राहिला. तो दिवसभर फोन लावत होता आणि गावाकडच्या सगळ्या लाइनी भरलेल्या होत्या.

रात्री मी रांगेत उभा राहिलो. तो माझ्या मागे होता, अंगात अजून माझा स्वेटर.

या वेळी फोन आईने उचलला आणि माझा आवाज ऐकताच रडू लागली. दुबईचे विमान पडले हे तिने सकाळी ऐकले होते, आणि तेव्हापासून तिने तोंडात पाणी घेतले नव्हते. मी जाऊन तेराच दिवस झाले आहेत, वर्षाचा करार आहे, मी कशाला परतीच्या विमानात असेन, आणि तेही मंगळुरूच्या, हे दादाने तिला दहा वेळा समजावले होते. “दुबईचं म्हणाले ना पण,” ती म्हणत होती. मी तिला सांगितले की मी जमिनीवर आहे, सुखरूप आहे, इथे काही होत नाही, एसीत काम असते. ती हळूहळू शांत झाली. जेवलास का विचारले, भाकरवडी मऊ पडली नाही ना विचारले. मग एकदम ठाम आवाजात म्हणाली, “हे बघ, येताना विमानात बसू नकोस. पूर्वी लोक बोटीनं येत नव्हते का? चार दिवस जास्त लागतील. तू आपला बोटीनं ये.”

अफगाणिस्तानाला समुद्र नाही. मागून पत्नीचा हसण्याचा की रडण्याचा आवाज आला, ते नीट कळले नाही.

“बरं आई,” मी म्हणालो, “बोटीनं येईन.”

फोन ठेवला तेव्हा कार्डावर चार मिनिटे उरली होती. ते मी मेकॅनिकच्या हातात दिले आणि रांगेतून बाजूला झालो.